जोडला की पुसला

आजी खुर्चीत अंग चोरून बसली होती. समोर विद्यापीठातली एक मुलगी स्टॉपवॉच घेऊन, आणि दाराबाहेर सून. तरुणांची आणि म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती, शिक्षण, कामधंदा असं सगळं ताडून बघायचा अभ्यास चालला होता. सुनेने आजीचं नाव घातलं, ते काही विज्ञानाच्या प्रेमापोटी नव्हे. "निकाल बरा आला तर बाळ दुपारी तुमच्याकडे, नाही तर पाळणाघर," असं तिने सकाळी चपला घालता घालता सांगून टाकलं होतं. गॅस एकदाच तर चालू राहिला होता! पण तेव्हापासून आजी धास्तावलेली होती.

आकड्यांच्या फेरीत मात्र आजीने कमाल केली. नऊ आकडे ऐकले, नऊच्या नऊ म्हणून दाखवले, वर उलटेही म्हटले.

"कॉलेजची पोरंसुद्धा सातापुढे अडखळतात," मुलगी म्हणाली. आजीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पाळणाघराने आता दुसरं गिऱ्हाईक बघावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

मग वीस मिनिटं चित्रं जुळवण्यात गेली. ती संपल्यावर मुलीने विचारलं, "मघाचे आकडे सांगता?"

एकही आठवेना. मग एकदम डोक्यात उजेड पडला आणि ती हसली.

"अगं, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, एकोणीस वर्षं. आमच्यात नंबर जोडला की डोक्यातून पुसायचा. मागचा रेंगाळला तर पुढच्याची लाइन भलत्याच घरी लागायची. हाडीमाशी खिळलेली सवय ती! सून सगळीकडे मला गृहिणी लिहिते. तेवढं तुझ्या कागदावर नीट कर बाई."

मुलीने कागद फिरवून आजीपुढे ठेवला. 'गृहिणी'वर काट मारलेली होती. खाली मुलीच्या अक्षरात लिहिलं होतं: टेलिफोन एक्स्चेंज, एकोणीस वर्षं. नंबर जोडला की पुसायचा.

"आल्या आल्याच सांगितलंत, आजी," ती हळूच म्हणाली. "आणि चित्रं जुळवताना पुन्हा एकदा."

आजीने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. इतकी भीती तिला नवरा गेला तेव्हाही वाटली नव्हती.

"सुनेला सांगू नकोस गं," ती पुटपुटली.

"नाही सांगणार," मुलगी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं. हेही आपण आधी म्हटलंय का, असं विचारायची आजीला हिंमत झाली नाही.