घरची परीक्षा

गोंद धरेपर्यंत वृंदानं श्वास रोखून ठेवला आणि मग चिमटा अलगद सोडला. डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातला हा शेवटचा झुबका. भिंगाच्या आरशात बघत तिनं दोनदा पापण्यांची उघडझाप केली. काही टोचलं नाही, जडही वाटलं नाही. आपण डोळ्याला काही लावलंय हे तिला स्वतःलाच आठवावं लागत होतं.

“दिखाइए,” म्हणत भसीन तिला खिडकीच्या उजेडात घेऊन गेला. नोएडातलं हे युनिट त्याचं. बाहेरचा व्यापार खुला झाला त्या दिवसांत त्यानं गंगावनं आणि केसांचे टोप परदेशी पाठवून बस्तान बसवलं होतं. आता जग खोट्या पापण्यांच्या मागे लागलं, म्हणून तोही लागला होता. त्यानं चष्मा वर केला, खाली केला, मान वाकडी करून पाहिलं.

“कमाल है, वृंदा जी. पता ही नहीं चल रहा.”

“आपको मालूम है, इसलिए आप ढूँढ रहे हैं,” वृंदा म्हणाली. “जिसको मालूम नहीं, बात उसकी है.”

युनिटचा एक नियम होता. नवा नमुना बाहेर पाठवण्याआधी तिथल्याच एखादीनं तो लावून घरी जायचं, आठवडाभर वागवायचा आणि घरात त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. घरच्या कोणी ओळखलं की नमुना नापास, पुन्हा टेबलावर. याला सगळ्या जणी घरची परीक्षा म्हणायच्या. मुली बहुतेक पहिल्याच संध्याकाळी नापास व्हायच्या. एकीला सासूनं दारातच हटकलं होतं. दुसरीच्या धाकट्या बहिणीनं जेवता जेवता बोट दाखवून सगळ्यांना हसवलं होतं. दुसऱ्या दिवशी हे किस्से रंगायचे आणि वृंदा मान खाली घालून ऐकत काम करायची.

या वेळचं काम वेगळं होतं. ग्राहकाला पन्नाशी ओलांडलेल्या बायकांसाठी पापण्या हव्या होत्या. नट्टापट्टा नको, विरळ झालेल्या जागा नुसत्या भरून निघाल्या पाहिजेत. वृंदानं उन्हाळाभर मेट्रोतल्या बायकांचे डोळे डोळ्यांत तेल घालून न्याहाळले होते. खऱ्या पापण्या कधी ओळीनं उभ्या नसतात. एखादी आखूड, एखादी शेजारणीवर चढलेली, कुठे नुसतीच फट. म्हणून तिनं अगदी बारीक धाग्याचे, तीन-तीन केसांचे झुबके बांधले, तिन्ही केस असमान ठेवले आणि त्यातला एक मुद्दाम वाकडा बसवला. फार नीट दिसलं की माणसाला संशय येतो, हे तिला इतक्या वर्षांत कळलं होतं. आणि युनिटमध्ये पन्नाशीच्या पुढची ती एकटीच होती, तेव्हा परीक्षाही तिनंच द्यायची होती.

आपलं काम पास व्हावं असं कोणाला वाटत नाही? पण मेट्रोत बसल्यावर वृंदाच्या मनात भलतंच आलं. नापास झालं तर बरं. घरी ओळखायला माणूस एकच होतं, आणि त्यानं ओळखावं असं तिला फार वाटत होतं.

मयूर विहारच्या फ्लॅटचं दार पद्माकरनं उघडलं. केंद्राच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेला, नाकासमोर चालणारा माणूस. फाईल समोर आल्याशिवाय मत द्यायचं नाही, ही नोकरीतली सवय तो निरोपसमारंभाच्या हार-तुऱ्यांबरोबर घरी घेऊन आला होता.

“दूध आलंय,” तो म्हणाला. “गॅसचा नंबर लावून ठेवलाय.”

“बरं.”

त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आत गेला. झालं. पहिला दिवस संपला.

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना वृंदानं नुसता भांग बदलला तरी ब्लॉकभर बातमी व्हायची. शेजारची बंगाली वहिनी न विचारता स्वयंपाकघरात यायची, समोरची तमिळ मामी गॅलरीतूनच चौकशी करायची. तेव्हा वृंदाला त्याचा जाच वाटायचा. इथे सोसायटीत सगळी दारं बंद, प्रत्येक दाराला वर आणखी जाळीचं दार. मुलगा, यशोधन, टोरांटोला गेल्यापासून तर दिवसचे दिवस तिच्या चेहऱ्याकडे कोणी बघितलंय असं तिला वाटायचं नाही. या दिवाळीला येतो म्हणाला होता. म्हणजे ‘बघतो’ म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम ट्यूबलाइटखालच्या खुर्चीत जेवायला बसली. पद्माकरनं आमटी वाढून घेतली आणि टँकर उशिरा आल्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिनं त्याच्यासमोर बसून लसूण सोलला. तो कोडं सोडवत होता. त्यानं तिला एक आडवा शब्द विचारला, तिनं सांगितला, त्यानं लिहिला.

शेवटी तिला राहवलं नाही.

“अहो, माझ्या डोळ्यात काही गेलंय का बघता?”

पद्माकरनं पेपर बाजूला ठेवला, चष्मा पुसला. तिची हनुवटी धरून त्यानं तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. त्याची बोटं गार होती. इतक्या जवळून त्यानं तिच्याकडे शेवटचं कधी पाहिलं होतं, ते तिला आठवेना. तो बघत राहिला, आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्या. वृंदाला वाटलं, आता हा बोलणार. तिचं हसूसुद्धा ओठांशी येऊन थांबलं होतं.

“नाही, काही दिसत नाही,” तो म्हणाला. “पाणी मार जरा.”

ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. पाणी बादलीत धो धो पडू लागल्यावर ती रडली. यशोधन गेला तेव्हापासूनची तिची ही रीत होती. नळ मोठा करायचा आणि काय रडायचं ते रडून घ्यायचं. मग चेहरा धुऊन बाहेर यायचं.

बाहेर आली तर पद्माकर नेहमीसारखाच पॅसेजमधल्या वेताच्या खुर्चीत पेपर धरून बसला होता. दिवा न लावता. हॉलमध्ये चांगला सोफा सोडून या माणसाला इथे अंधारात येऊन बसायची काय हौस होती, देव जाणे.

“अंधारात काय वाचता?” ती करवादली.

“असंच,” तो म्हणाला आणि उठला.

आठवड्याच्या शेवटी तिनं भसीनला सांगितलं, कोणी ओळखलं नाही. भसीननं टाळी वाजवली. सोमवारी नमुने रवाना करायचे ठरले, मुलींनी पेढे मागितले. वृंदानं पर्समधून पैसे काढून दिले खरे, पण तिचं तिलाच पटत नव्हतं. जी परीक्षा नापास होऊच शकत नाही, ती परीक्षा कसली? जो बघतच नाही त्याला दिसलं नाही, यात तिच्या झुबक्यांचं काय कौतुक?

शनिवारी तिनं जुन्या मालातली एक जोडी उचलली. लग्नातल्या नवरीमुलींसाठी केलेली ती पट्टी होती, दाट, काळीभोर, वर वळलेली. ती लावल्यावर वृंदा आरशात भलतीच दिसत होती, सोंग काढल्यासारखी. मेट्रोत दोन मुलींनी एकमेकींना कोपरखळी मारली. लिफ्टमध्ये वॉचमननं बघून मान वळवली.

पद्माकरनं दार उघडलं. तो क्षणभर थांबला.

“चहा ठेवू?” त्यानं विचारलं.

“ठेवा,” वृंदा म्हणाली. आणि ती त्या पापण्यांनिशीच जेवली, बातम्या पाहिल्या, आडवी झाली. आता शंकेला जागा उरली नव्हती. आपण या घरात कपाटासारख्या आहोत, असं तिला वाटलं. असतं म्हणून असतं, कोणी बघत नाही.

रविवारी तिनं काहीच लावलं नाही. पट्टीच्या गोंदानं डोळे चुरचुरत होते. ती मेथी निवडायला बसली. पद्माकर समोर येऊन बसला आणि त्यानंही एक जुडी ओढून घेतली. बराच वेळ दोघं पानं खुडत राहिले.

“आज काही लावलं नाहीस,” तो म्हणाला.

वृंदाचा हात थांबला. “काय?”

“ते, पापण्यांचं.” तो काडी मोडत होता. “कालचे केस फार जड होते. डोळे बघ किती लाल झालेत. आधीचे चांगले होते.”

“आधीचे?”

“आठवडाभर लावत होतीस ते. त्यात एवढंच, की डावीकडचा कडेचा संध्याकाळपर्यंत जरा सुटायचा. वर उचलला जायचा.”

वृंदा त्याच्याकडे बघतच राहिली. डावी कड. तिथेच तिनं झुबका अर्धा केस बाहेर बसवला होता आणि तेवढी एक शंका तिला स्वतःलाही होती. भिंगाच्या आरशात तिला जे सापडलं नव्हतं, ते या माणसानं आमटी वाढून घेता घेता पाहिलं होतं.

“तुम्हाला कधी कळलं?”

“दार उघडलं तेव्हाच.”

“आणि डोळ्यात बघा म्हटलं तेव्हा?”

“तेव्हा तर फारच नीट दिसले.”

“मग बोलला का नाहीत?” तिचा आवाज चढला. “काही दिसत नाही म्हणालात.”

पद्माकरनं खुडलेली पानं एका बाजूला सारली, देठं दुसऱ्या. “तू सांगत नव्हतीस. म्हटलं, लपवायचं असेल. लपवलेलं माणसानं कशाला उघडं पाडायचं?”

“विचारायचं तरी.”

“तसं मी कधीच...” तो थांबला. मग मेथीकडे बघतच म्हणाला, “तू नळ सोडतेस ना, तेव्हाही वाटतं विचारावं.”

वृंदानं हातातली जुडी खाली ठेवली.

“येऊन बसतो बाहेर. खुर्चीत. तुझं होईपर्यंत. पण तू नळ सोडलेला असतो मला ऐकू येऊ नये म्हणून. मग ऐकू आलं, असं कसं म्हणायचं?”

किती वर्षं, हे तिनं मनातही मोजलं नाही. अंधारातली ती खुर्ची, न वाचलेला तो पेपर, आणि आपण दर वेळी त्याच्यावर करवादलो ते, हे सगळं एकदम तिच्या पुढ्यात आलं. तिला आनंद झाला असं म्हणवत नाही. राग आला, तोही धड नाही. भिंतीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक बसून दोघांनी एकच दुःख दोनदा काढलं होतं.

“मेथीत वाळू आहे,” ती म्हणाली. “दोनदा धुवायला हवी.”

“मी धुतो,” पद्माकर म्हणाला.

सोमवारी भसीननं खोक्याला चिकटपट्टी लावायला घेतली होती. वृंदानं खोका आपल्याकडे ओढला.

“नहीं जाएगा. फ़ेल है.”

“क्या बात करती हैं? पकड़ा किसने?”

“मेरे पति ने.” हे ती गरजेपेक्षा जरा मोठ्यानं बोलली. ओळीतल्या मुलींनी माना वर केल्या.

“कब?”

“पहले दिन.”

“तो हफ़्ता भर बोले क्यों नहीं?”

“सरकारी आदमी हैं,” वृंदा म्हणाली आणि चिमटा उचलला.

दिवसभर बसून तिनं कडेचा झुबका नव्यानं बांधला. मधला केस आखूड केला, गाठ आतल्या बाजूला घेतली. भसीन दोनदा येऊन फणफणून गेला. तिनं त्याला आणखी एक आठवडा मागितला आणि त्यानं, दुसरा इलाज नव्हता म्हणून, दिला.

संध्याकाळी ती घरी पोचून चप्पल काढते न काढते तोच यशोधनचा फोन आला.

“आई, दिवाळीला नाही जमत गं. सुट्टी बिल्कुल नाहीये. पुढच्या वर्षी नक्की बघतो.”

“अच्छा. चालेल रे,” ती म्हणाली. “थंडीची काळजी घे.”

फोन ठेवून तिनं एकदा पद्माकरकडे पाहिलं. त्यानं सगळं ऐकलं होतं. ती न्हाणीघरात गेली, दार लोटलं, आणि सवयीनं तिचा हात नळावर गेला.

बाहेर वेताची खुर्ची करकरली. तो येऊन बसला होता.

वृंदाचा हात नळावर तसाच राहिला. तोटीतून एक थेंब बादलीत पडला आणि त्याचा केवढा तरी आवाज झाला. तिनं नळ फिरवला नाही. उलट हात काढून घेतला, भिंतीला टेकली, आणि आतून जो हुंदका वर येत होता तो तिनं येऊ दिला. चांगला मोठा आला.

मग पलीकडे पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. मग बटणाचा. आणि दाराखालच्या फटीतून पॅसेजमधला उजेड आत आला.