बबनरावांच्या गाडीचे ढेकर

बबनरावांच्या जुन्या डिझेल गाडीवर इंदूबाईंनी सवतीसारखा दात धरला होता, त्याचं बबनरावांना कधी काही वाटलं नाही. बायको म्हटली की बोलणारच. पण लेकच फिरली, तेव्हा मात्र गडी हादरला.

अपेक्षाचं पहिलं बाळंतपण. रीतीप्रमाणे तिला पांढरकवड्याहून माहेरी, दारव्ह्याला आणायचं होतं. आणि तिनं फोनवर सांगून टाकलं, "बाबा, तुमच्या गाडीत मी नाई बसत. त्या जळक्या ऑइलच्या वासानं मले मळमळते. हे आणून सोडतीन."

हे म्हणजे जावई. त्यांची गाडी नवी कोरी. लेकीला पहिल्या बाळंतपणाला जावयानं आणून सोडायचं आणि बापानं दारात उभं राहून वाट पाहायची! बबनरावांनी गाडीची चावी उचलली. ते तडक शंकरसिंग मिस्त्रीकडे गेले.

शंकरसिंगनं बॉनेट उघडलं. "इंजन म्हातारं झालं, भाऊ. पोटात ऑइलची वाफ धरते अन् ढेकर देते. ते ढेकर या नळीतून परत इंजनातच जाते. नळी ऑइलनं माखली, जोडातून गळून राह्यली, गरम लोखंडावर पडून जळून राह्यली. तोच वास."

मग त्यानं नळी मधे तोडून एक बंद स्टीलचा डबा बसवून दिला. वाफ डब्यात शिरेल, ऑइल तिथंच अडकेल, हवा पुढे जाईल. "आत भांडे घासाची तारेची घासणी टाका, सैल. अन् डबा भरला की रिकामा करत जा."

आता बबनरावांची हयात कापसात गेलेली. तेल धरायचं आणि त्यासाठी घासणी? घरात पांढरं सोनं पडलेलं असताना? त्यांनी शेतातला कापूस पिंजला आणि गादी भरावी तसा काठीनं ठोकून ठोकून डब्यात भरला. काम इतकं सुबक झालं, की गाडी दाखवायला ते इंदूबाईंना घेऊन बोरी अरबच्या बाजाराला निघाले.

जाताना वासाचं नाव नाही. बबनराव आरशात पाहून स्वतःवरच खूश. परत येताना मात्र बॉनेटखाली फट्ट आवाज झाला. कापूस ऑइल पिऊन गच्च बसला होता, वाफेला वाटच उरली नव्हती, आणि तिनं ऑइल मोजायची पट्टी उडवून दिली होती. बॉनेट उघडलं तर सगळं काळंकुट्ट. वाकून पाहताना बबनरावांचा पांढरा सदराही गेला.

इंदूबाईंनी डबा उघडून आत पाहिलं आणि त्या रस्त्याच्या कडेलाच हसत बसल्या. "बाप्पा बाप्पा! मेलेल्या माणसाच्या नाकात कापूस घालतेत, तुमी जित्या इंजनाच्या नाकात कोंबला!"

बबनराव सदऱ्याच्या टोकानं पट्टी पुसत राहिले. पण त्यांचा उतरलेला चेहरा पाहून इंदूबाईंचं हसू थांबलं. घरी गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातल्या दोन कोऱ्या घासण्या आणल्या, हातानं मोकळ्या केल्या आणि स्वतःच डब्यात टाकल्या. "तिले श्वास घेऊ द्या जरा," त्या म्हणाल्या. "अन् लेकीले आपुनच आणू."

पांढरकवड्याला जावयाची गाडी धुऊनपुसून दारातच उभी होती. अपेक्षा बाहेर आली. तिनं आधी बापाच्या गाडीचं दार उघडलं, डोकं आत घातलं आणि भाजी नासली का पाहावं तसा वास घेतला. बबनरावांनी श्वास रोखून धरला होता. मग ती आत बसली. जावयानं मुकाट्यानं बॅग आणून मागे ठेवली.

रस्ताभर बबनरावांनी गाडी अशी चालवली, की ट्रॅक्टरही हॉर्न वाजवत पुढे गेले.

"बाबा, वास नाई येऊन राह्यला," अपेक्षा म्हणाली. "पण या चालीनं गेलो तर लेकरू रस्त्यातच व्हाचं."

"होऊ दे," बबनराव डोळे पुसत म्हणाले. "माह्या गाडीत हायस, म्हंजे माहेरीच हायस तू."