आहार उत्तम

दवाखान्याच्या बाकावर नवीन माणूस आला की त्याला पहिला धडा मिळायचा तो आहारबाईंना काय सांगायचं याचा. डॉक्टरांना खरं सांगितलं तरी चालेल, बाईंना नाही. त्या दर महिन्याला विचारायच्या, "काल काय काय खाल्लं?" खरं सांगणाऱ्याला अर्धा तास प्रथिनांवर भाषण ऐकावं लागे. म्हणून बाकाने उत्तर ठरवूनच टाकलं होतं: दूध, अंडं, डाळ, पालेभाजी, एक फळ.

शिंप्याची बायको यातली मास्तरीण. "फळाला दरवेळी केळं म्हणू नका हो," ती नवख्यांना सांगायची, "बाईंना संशय येतो. मधूनच पपई म्हणावं." एचआयव्ही नवराबायको दोघांनाही होता, पाठांतर मात्र तिचं पक्कं. चार महिन्यांपूर्वी ती गेली तेव्हा वजन एकतीस किलो होतं.

आज दारावर सूचना लागली होती. बाकावरच्या ड्रायव्हरने ती मोठ्याने वाचली. येथील सर्व रुग्णांचा आहार उत्तम असल्याचे आढळल्याने पौष्टिक पिठाची पाकिटे आजपासून बंद.

"घ्या! खा आता पपई," ड्रायव्हर म्हणाला. बाक हसला.

शिंप्याला हसू आलंच नाही. त्या पिठावर त्याची सकाळ निघायची. उपाशीपोटी गोळी घेतली की पाच मिनिटांत उलटून बाहेर. पाकीट तीन दिवसांपूर्वी संपलं होतं. दोन दिवसांच्या गोळ्या मोरीत गेल्या होत्या आणि आजची खिशात होती.

त्याचा नंबर आला.

"काल काय काय खाल्लं?"

"चहा. दोन टोस्ट. संध्याकाळी शेजारच्या वहिनींनी भात दिला, तो."

"आणि दूध?"

"चहात होतं तेवढं."

बाईंनी मागची पानं चाळली. "अहो काका, मागच्या महिन्यात तर अंडं, पालक! अचानक काय झालं?"

"अचानक नाही. खोटं बोलत होतो."

"मग आधीच सांगायचं ना!"

"पहिल्यांदा आलो तेव्हा सांगितलं होतं. तुम्ही बदाम भिजत घालायला सांगितलेत."

बाईंनी लिहिलं: आहारात अचानक घट, समुपदेशन आवश्यक. "फेरतपासणीला तीन महिने लागतील. तोवर फळं घ्या."

शिंपी उठला नाही. "हिचा शेवटचा कागद काढा."

बाईंनी काढला. "वजन एकतीस," त्यांनी वाचलं. "आहार..."

"वाचा की. आम्हीच सांगितलेलं आहे. तुमचं फक्त अक्षर."

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "झोपलात का आत?"

बाईंनी कपाट उघडलं. साहेब तपासणीला आले की दाखवायची म्हणून चार पाकिटं तिथे रचून ठेवली होती. वरचं काढून त्यांनी त्याच्यापुढे सरकवलं. "कुणाला सांगू नका."

शिंप्याने तिथेच पाकीट फोडलं. बाईंच्याच पेल्यात पाणी घालून पीठ कालवलं, बोटांनी निपटून खाल्लं, वर गोळी घेतली आणि खुर्चीत बसून राहिला. बाहेर आरडाओरडा वाढला. बाई घड्याळाकडे बघत होत्या, हा पोटाकडे.

गोळी आत राहिली.

मग उठून त्याने दार उघडलं आणि अख्ख्या बाकाला ऐकू जाईल असं ड्रायव्हरला म्हणाला, "जा. खरं सांग. आत अजून तीन आहेत."