शेपटीतल्या खिडकीचं माप

काचवाल्यानं जन्मभर एकच काम केलं होतं, भोकं बुजवायचं. लढाई सुरू झाल्यापासून तर त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. बॉम्ब एका गल्लीत पडे आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या खिडक्या खाली येत. दारात माणूस उभा राहिला की हा आधी विचारी, "माप काय?" मग नमस्कार, मग चौकशी.

त्यामुळे मुलगा रजेवर आला आणि दुकानाच्या फळीवर पारदर्शक प्लास्टिकचा जाड तुकडा ठेवून म्हणाला, "बाबा, यात भोक पाडायचंय, तडा न जाता," तेव्हा काचवाल्याला ती थट्टाच वाटली.

"आपल्या घराण्यात असलं पाप अजून कुणी केलेलं नाही," तो म्हणाला.

मुलगा हसला नाही. तो बॉम्बफेकी विमानावर गनर होता. विमानाच्या अगदी शेपटीत, साथीदारांकडे पाठ करून, पारदर्शक खोपट्यात मशीनगन धरून बसायचं आणि मागून शत्रूचं विमान आलं तर कप्तानाला ओरडून सांगायचं, हे त्याचं काम. एकदा त्याला मागे काळा ठिपका दिसला. तो ओरडला, कप्तानानं विमान असं कलंडवलं की सगळ्यांची टाळकी आपटली, आणि पाहतात तर तो प्लास्टिकवरचा ओरखडा! त्या दिवसापासून त्याचं नाव 'ठिपक्या' पडलं. पुढच्या एका खेपेला पुन्हा तसंच काहीतरी दिसलं. हसं नको म्हणून या वेळी त्यानं ते आधी बाहीनं पुसायला घेतलं. तो पुसतच होता, तोवर त्या डागाला पंख फुटले आणि गोळ्या आल्या. वायरलेसवाल्याचा पाय गेला.

"कुणी मला एक शब्द बोललं नाही, बाबा. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आता डोळ्यासमोर काही ठेवायचंच नाही. उघडं आभाळ."

"आणि वारा?"

"सोसायचा."

"तिथं वर पाणी गोठतं म्हणतोस."

"गोठतं. म्हणून तर आईला सांगितलेलं नाही."

काचवाल्यानं आणखी वाद घातला नाही. पोराचा जबडा बापावरच गेला होता. तो एकदा आवळला की काय होतं हे बापाला ठाऊक होतं. "कोपरा टोकदार ठेवलास की तडा तिथूनच पळत सुटतो," तो म्हणाला. "आधी कोपऱ्यांना बारीक छिद्रं पाड. मग बारीक दातांची करवत. आणि घाई केलीस तर माझं नाव सांगू नकोस." पहिला तुकडा फुटला, दुसरा फुटला. दुकान बंद करायच्या वेळेला मुलाला जमलं.

हिवाळा सरायच्या आत मुलगा गेला. विमान परत आलं होतं. तोही त्यातच होता, गनवर ओणवा.

त्याचं सामान घेऊन कप्तान घरी आला. आईनं चहाचं आधण ठेवलं आणि ठेवलेलं विसरून गेली. कप्तान बोलता बोलता म्हणाला, "त्यानं खिडकी कापली म्हणून आम्ही..." आणि थबकला.

"कसली खिडकी?" आईनं विचारलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्हाला माहीत होतं?"

"मीच शिकवलं."

काचवाला कप्तानाकडे वळला. "साहेब, धीर द्यायला आला असाल तर चहा घ्या आणि निघा. मला एकच सांगा. ते भोक नसतं तर पोरगा जगला असता का?"

"काका, त्या प्लास्टिकनं गोळी अडली नसती."

"ते मला कळतं, धंदा आहे माझा. थंडीचं सांगा."

कप्तानानं टोपी मांडीवर फिरवली. "गन अडकली. मोकळी करायला त्यानं हातमोजे काढले. बोटं वळेनात. प्लास्टिक असतं तर हात इतके गारठले नसते."

"म्हणजे जगला असता."

"ते मी सांगू शकत नाही. कारण प्लास्टिक असतं तर त्याला मागून आलेलं शत्रूचं विमान दिसलंच नसतं. 'डावीकडे!' म्हणून ओरडला, मी वळलो. बोटं चालेनाशी झाली तरी आवाज चालू होता. पुन्हा ओरडला, पुन्हा वळलो. म्हणून मी इथं बसलोय."

आधण आटल्याचा वास आला. कुणी उठलं नाही.

"आता त्याच्या जागी नवा गनर आलाय," कप्तान म्हणाला. "गणिताचा मास्तर होता. त्यालाही तसंच हवंय. आमच्या मेकॅनिकनं कापताना प्लास्टिकचे दोन पत्रे फोडले. मी विचारायला नको होतं, पण..."

"नाही म्हणून सांगा," आई नवऱ्याला म्हणाली.

काचवाल्यानं विचारलं, "केवढं कापलं होतं त्यानं?"

कप्तानानं दोन्ही हात फाकवले.

"सबंध? अरे गाढवा!" काचवाला ओरडला, आणि तो कुणाला ओरडला हे तिघांनाही कळलं. मग आवाज उतरला. "डोळ्यांपुरतं पुरे होतं. कडेला बाहेरून पट्टी बसवली असती तर वारा वरच्या वर गेला असता. मी छिद्रं शिकवली, करवत शिकवली. माप विचारलंच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो मी, आणि घरच्या पोराला नाही."

तो उठला आणि दुकानातून हत्यारांची पेटी घेऊन आला. आई दारात उभी होती. ती वाट अडवील असं त्याला वाटलं.

"उद्या निघा," ती म्हणाली. "पातळ रेशमाचे हातमोजे शिवते, वरचे काढले तरी आतून राहतील असे. मास्तरला सांगा, गन अडकली तरी हे काढायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी विमानतळावर काचवाला आधी स्वतः त्या खोपट्यात शिरला. गुडघे छातीला टेकले. त्यानं गनच्या मुठींवर हात ठेवले आणि मागे पाहिलं. प्लास्टिकच्या नव्या पत्र्यावरही एक बारीक डाग होता. तो त्यानं पुसला नाही.

मग खाली उतरून त्यानं मास्तरला आत बसवलं. मास्तरला टक्कल होतं आणि बसताना ते वर आपटलं.

"हलू नका, मास्तर. बघताना मान कशी धरता? तशीच धरा."

त्यानं टेप काढली, मास्तरच्या डोळ्यांसमोर आडवी धरली आणि पेन्सिल कानावरून घेतली.