खालच्या वस्तीचा रंग

आरोग्य खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जुन्या कपाटांच्या आडोशाला तिचं टेबल होतं. शहरात कोणता आजार कुठे किती होतो, याचे नकाशे करणं हे तिचं काम. ऑफिसात तिला सगळे नकाशेबाई म्हणत, तोंडावर आणि पाठीमागेही. तिला त्याचं काही वाटत नसे. पाठीमागे याहून वाईट नावं पडलेली माणसं त्या मजल्यावर पुष्कळ होती.

त्या वर्षी तिच्याकडे मूत्रपिंडाच्या आजाराचं काम आलं. डायलिसिस केंद्रांकडून रुग्णांची वयं आणि पत्ते आले, आणि पत्ते नकाशावर ठिपके होऊन बसले. नुसत्या ठिपक्यांवर तिचा विश्वास नव्हता. माणसं दाट तिथे ठिपके दाट, त्यात काय नवल? म्हणून कुठल्या विभागात माणसं किती, त्यांत म्हातारी किती, हे धरून तिथे साधारण किती रुग्ण असायला हवेत ते तिनं काढलं आणि खरा आकडा त्याच्या शेजारी मांडला. खरा फार जास्त निघाला तिथे लाल रंग भरला. लहान वस्तीत एका घरातले दोघे आजारी पडले तरी आकडा उगाच फुगतो. असा फुगवटा शेजारच्या विभागांचा आधार देऊन बसवायचा असतो. तिनं तेही केलं. शहरभरचे फुगवटे बसले, एक सोडून. टेकडीच्या पायथ्याची खालची वस्ती लाल होती ती लालच राहिली.

त्या वस्तीत तिचा दादा राहत होता.

आपलं काहीतरी चुकलं असावं अशी तिची खरंच इच्छा होती. तिनं हिशोब मोडून पुन्हा केला, वेगळ्या रीतीनं केला. मग वस्तीतल्या बोअरचं पाणी तपासायला पाठवलं. पूर्वी तिथे सायकलींच्या सुट्या भागांना मुलामा द्यायचा कारखाना होता. तो बंद पडून जमाना झाला होता, पण त्यानं जमिनीत सोडलेलं, मूत्रपिंडं निकामी करणारं कॅडमियम कुठे गेलं नव्हतं. पाण्यात ते होतं, आणि भरपूर होतं.

विभागाचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी नकाशा बघितला, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितला.

"नळाचं पाणी न्यावं लागेल खाली," ते म्हणाले. "मी समितीपुढे ठेवतो."

त्यांनी खरोखर ठेवला. समितीनं नळ मंजूरही केला. पण बैठक संपायच्या आत कुणीतरी नकाशाचा फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो अख्ख्या शहराच्या फोनवर फिरला. नकाशेबाईला आधी बरंच वाटलं. लोकांना कळलं, एक काम झालं, असं तिच्या मनात आलं. वस्तीत जाऊन समजावून सांगावं म्हणून ती रविवारी दादाकडे गेली.

दादा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार. ती आली तेव्हा तो उघड्या मशीनवर वाकलेला होता. त्यानं मान वर केली नाही.

"ये. आलीस? बघायला आलीस काय पेटवलंय ते?"

"दादा, मी तुला आधीच सांगणार होते—"

"मग का नाही सांगितलंस? कालपासून एक मशीन दुरुस्तीला आलेलं नाही. समोरच्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, ते मोडलं. पोराकडचे म्हणाले, तिकडच्या मुलींची मूत्रपिंडं तपासून घ्यावी लागतील म्हणे. शाळेत पोरांना वेगळं बसवतायत. झाकली मूठ होती ना गं, चिमे? कशाला उघडलीस?"

"पाण्यात विष आहे दादा."

"आम्ही जन्मभर तेच प्यायलो. मेलो का?"

मेले होते. कोपऱ्यावरचा सुतार, त्याची बायको, दादाचा स्वतःचा भागीदार. पण ती नावं दादासमोर घ्यायला तिची जीभ उचलली नाही. आतून वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली, नणंदेकडे बघून दारातच थबकली, आणि तांब्या घेऊन तशीच परत गेली.

"तुमच्यासाठी आणलं होतं, वन्सं," ती आतून म्हणाली. "पण तुम्ही आमच्याकडचं पिणार नाही आता."

नकाशेबाई उठून आत गेली आणि तो तांब्या तिनं उभ्यानं रिकामा केला. त्यानं काहीच सिद्ध झालं नाही. वहिनी फक्त रडली.

पुढच्या आठवड्यात वस्तीची माणसं ऑफिसवर आली. सगळ्यात पुढे दादा होता. बदनामी थांबवा, नकाशा खोटा आहे, मागे घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. जिना भरून गेला. त्या गर्दीत दोघे असे होते की ज्यांच्या दंडावर डायलिसिसच्या सुयांचे वण होते. तेही ओरडत होते. नकाशेबाई कपाटांच्या आडून दादाचा आवाज ऐकत राहिली. त्याचा आवाज एवढा मोठा आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी साहेबांनी तिला बोलावलं.

"विभागाच्या हद्दी कुणी ठरवल्या?"

"आपणच. जनगणनेच्या गटांवरून."

"म्हणजे देवानं आखलेल्या नाहीत. खालची वस्ती आणि टेकडी एका विभागात घ्या."

टेकडीवर मोठ्या इमारती होत्या, नळाचं पाणी होतं आणि खालच्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं. लालात एवढं पांढरं ओतलं की काय होणार, हे सांगायला संगणक लागत नव्हता.

"साहेब, हद्द पुसली म्हणून आजार पुसला जात नाही."

"मला कळत नाही का ते?" साहेब पहिल्यांदाच चिडले. "पण ज्यांचा आजार, त्यांनाच तो नकोय. मी कुणासाठी भांडू? तुम्ही सांगा."

 तरी ती दोन दिवस अडून बसली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या माणसानं हद्द बदलून दिली. ते काम अवघड नव्हतंच. नव्या नकाशावर टेकडी आणि पायथा मिळून फिकट पिवळा रंग आला. समितीनं तो बघितला आणि म्हटलं, लाल कुठेच नाही तर नळ कशाला? सुंठीवाचून खोकला गेला. वस्तीनं पेढ्यांचा पुडा पाठवला. तो तिच्या टेबलावरून फिरला, तेव्हा तिनं तो न उघडता पुढे सरकवला.

मग दादानं घर विकायला काढलं. ज्या दादानं जिन्यात उभं राहून नकाशा खोटा असल्याचं ओरडून सांगितलं होतं, तोच घाईघाईनं टेकडीवर दोन खोल्या बघून आला होता. तिला हे वहिनीकडून कळलं. घेणारं एक तरुण जोडपं होतं आणि बाईच्या कडेवर तान्हं मूल होतं.

"त्यांना तू सांगितलंस का?" तिनं दादाला फोनवर विचारलं.

"काय सांगायचं? तुमच्याच खात्याचा नकाशा आहे, पिवळा. आणि ऐक, तू तिथे जाऊन तोंड उघडलंस, तर तुला भाऊ नाही असं समज."

ती गेली. जोडपं नुकतंच राहायला आलं होतं, सामान अजून बांधलेलंच होतं आणि ती तरुण बाई बोअरच्या पाण्यानं फरशी धूत होती. नकाशेबाईनं स्वतःची ओळख दिली आणि सगळं सांगितलं. आधीचा नकाशा, नंतरचा नकाशा, पाणी, लहान मुलाला त्यातलं काय बाधतं ते. बाईनं मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी पदराला हात पुसले आणि मुलाला कडेवर घेतलं.

"ताई, तो लाल नकाशा आम्हीही बघितला होता," ती म्हणाली. "म्हणून तर आम्हाला हे घर परवडलं. तो आला नसता तर या शहरात आम्हाला कोण घर देत होतं?"

"मग निदान प्यायचं पाणी तरी बाहेरून आणा."

"आणू की. जमेल तसं आणू."

कडेवरचं मूल ओल्या बोटांनी आईचं तोंड चाचपत होतं. नकाशेबाई बाहेर पडली. दादानं खरंच तिच्याशी बोलणं टाकलं.

दीड वर्षानं वहिनीच्या पायांवर सूज आली. मग चेहऱ्यावर. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं. तेव्हा दादानं फोन केला. फोनवर त्याला नीट बोलताही येईना, नुसतं "चिमे, चिमे" करत राहिला.

केंद्राच्या खिडकीवरच्या कारकुनानं पत्ता विचारला. वहिनीनं टेकडीवरचा सांगितला.

"जुना पण लिहा," नकाशेबाई पुढे झाली. "यांना टेकडीवर येऊन दीडच वर्ष झालंय. जन्म सगळा खाली गेलाय."

"रकाना एकच आहे, मॅडम."

"मग खालचाच लिहा."

वहिनीनं तिचा हात धरला. सुजलेली बोटं गार होती. "नको वन्सं. ते नाव नका लावू मला. आता कुठे बरे शेजारी मिळालेत. त्यांना नका कळू देऊ."

कारकुनानं टेकडी लिहिली. महिनाअखेरीला तो पत्ता इतरांबरोबर नकाशेबाईच्या टेबलावर आला आणि टेकडीच्या एका इमारतीवर आणखी एक ठिपका बसला. नवीन तक्त्यांवर नजर टाकत साहेब म्हणाले, "वर थोडं वाढलंय की. बैठं काम करणारी माणसं, व्यायाम नाही." तिनं पुढचा तक्ता उलटला. बोलून झालं होतं.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती वहिनीला केंद्रात घेऊन येई. दादा बाहेर बाकावर बसे. त्याचे हात दुरुस्तीच्या तेलानं काळे असत आणि तो ते गुडघ्यांवर उलटे ठेवून बघत राही. एका शुक्रवारी त्यानं अचानक विचारलं,

"तुला तेव्हा नक्की ठाऊक होतं ना?"

"हो."

"सगळं? पाणी आणि बाकी?"

"सगळं. तुला सांगायला आले होते मी दादा."

त्यानं हात उलटे करून पुन्हा गुडघ्यांवर ठेवले. आतल्या यंत्रांचा एकसुरी आवाज दारातून येत होता.

"मग जोर लावायला हवा होतास," तो म्हणाला. "तू एवढी शिकलेली. आम्ही ओरडलो म्हणून काय झालं? आम्हाला काय कळत होतं? तू ऐकायला नको होतंस आमचं."

तिच्या तोंडाशी खूप काही आलं. जिन्यातला त्याचा आवाज, हद्द, पेढे, ते तान्हं मूल. आतून नर्सनं हाक मारली, पेशंटबरोबरचं कुणीतरी या. दादा अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. त्याला ते रक्त नळ्यांतून फिरताना बघवत नसे. ती एकटीच आत गेली.