बाईंच्या मांडीवरचं सूप

"बोट दाब वं जराशी, अक्षर काही चावत नाही!"

मित्रांनो, हा आवाज चंद्रभागाबाईंचा. आता तो कुठंच ऐकू येत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीजवळच्या एका लहानशा गावात त्या शाळेत शिकवायच्या आणि मी त्यांच्या घरचं सूप. कडा झिजलेलं, एका बाजूची बांधणी सुटलेलं, खुंटीला टांगलेलं.

१९७२ साली परसराम बुरडानं बांबूच्या पातळ पट्ट्या विणून मला घडवलं आणि मोहाडीच्या बाजारात मांडलं. बाईंनी मला उचललं, पाठीवर टिचकी मारून पाहिली.

"तांदूळ पाखडाले नेता का, बाई?" परसरामनं विचारलं.

"पाखडीन बी, शिकवीन बी."

तो हसला. मलाही काही उमगलं नाही.

उमगलं ते भाताची रोवणी आटोपल्यावर. सकाळी बाई माझ्यात तांदूळ पाखडायच्या, अंथरुणाला खिळलेल्या सासूला पेज भरवायच्या, लेकीची, लहान उषाची वेणी घालायच्या आणि लगबगीनं शाळेत जायच्या. दुपार कलली की अंगणात गावातल्या बाया जमायच्या. मग बाई माझ्यात भाताचा बारीक कोंडा पसरायच्या आणि त्यावर बोटानं अक्षरं गिरवून घ्यायच्या. पाटी हाती धरायला बाया लाजायच्या. पण सुपाची कसली लाज? चुकलं तर मला एक हलका झटका, की अक्षर पुसलं!

तलावावर मासे धरणारी रेवताबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाई, हा 'र' तं गळावानी दिसते!"

"मंग तुलेच पयले जमाले पायजे!"

बाया खदखदून हसल्या. पंधरा दिवसांनी रेवताबाईनं आपलं पूर्ण नाव लिहिलं, तेव्हा मला झटका द्यायचा कोणालाच धीर होईना. संध्याकाळपर्यंत ते नाव मी तसंच अंगावर बाळगलं. एवढा मान मला पुन्हा मिळाला नाही.

रेवताबाईची मुलगी गीता आणि बाईंची उषा एकाच वर्गात होत्या, दोघीही हुशार. त्या चौथीत असताना भंडाऱ्याच्या वसतिगृहात गावातून एका मुलीला जागा मिळणार होती. जी पहिली येईल, ती जाणार. उषानं तर आपले कपडे कोणत्या पिशवीत भरायचे, तेही ठरवून ठेवलं होतं.

बाई पेपर तपासायला ओसरीवर बसल्या. मला पालथं करून मांडीवर घेतलं. मीच त्यांचं मेज. बेरीज झाली. उषाला दोन गुण जास्त होते.

बाईंनी बेरीज पुन्हा करून पाहिली. मग पुटपुटल्या, "उषाले घरी शिकवाले मी आहो. गीता नाही गेली तं उद्यापासून जाळं धरंल." आणि निकालाच्या कागदावर त्यांनी गीताचं नाव वर लिहिलं. आतून सासूनं पाणी मागितलं, तेव्हा मला सरळ करून, पेपर माझ्यात ठेवून त्या उठल्या.

गीता भंडाऱ्याला गेली. उषा गावातच सातवीपर्यंत शिकली, लग्न होऊन सिहोऱ्याला नांदायला गेली. तिनं कधी तक्रार केली नाही. पण आईनं माझ्यात कोंडा पसरला, की ती उठून आत जायची.

पुढं गावात राईस मिल आली, घरचं पाखडणं कमी झालं. बायांचं शिकणं शाळेच्या खोलीत भरू लागलं आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. माझ्या फटींत कोळ्यांनी जाळी विणली.

१९८६ मध्ये बाई निवृत्त झाल्या. सत्काराला गीताही आली. ती नर्स झाली होती. बाईंच्या पाया पडून म्हणाली, "तुमच्यामुळं झालं, बाई." उषा बाजूला उभी राहून सगळ्यांना चहा देत होती.

माणसं पांगली. उषानं मला माळ्यावरून काढलं, पुसलं आणि शेण आणि भिजवलेल्या मेथीच्या लेपानं सारवायला बसली. मित्रांनो, सुपाला वेळोवेळी सारवावं लागतं, नाही तर फटींतून दाणे गळतात. घरातल्या माणसांचंही तसंच असतं. आपलंच आहे, कुठं जाणार, असं म्हणून त्यांची निगा लांबणीवर टाकू नका.

बाई तिच्याजवळ येऊन बसल्या.

"उषा, चौथीत पयली तूच होतीस वं. दोन गुणांनं. मीच तुले मागं ठेवलं."

उषाचा हात थांबला.

"मले मालूम हाय, माय. पेपर सुपात होते. मी तवाच पायले."

"मंग इतकी वर्सं बोलली काहून नाही?"

उषानं मान वर केली. तिचे डोळे भरून आले होते.

"तू सांगशीन म्हणून वाट पाहून राहिली होती."