बंद पडणं, बंद करणं

पडद्यावर पुन्हा तीच चौकट आली, ‘प्रोग्राम अनपेक्षितपणे बंद पडला आहे’, आणि कुलूपकाका हट्टी नातवाकडे बघावं तसे तिच्याकडे बघत बसले.

आमची कंपनी इनमिन पाच जणांची. कान तपासायच्या यंत्रांचा प्रोग्राम आम्ही करायचो. मालक त्या आठवड्यात कंपनी विकून गाशा गुंडाळणार होते, आणि विकत घेणारे तो प्रोग्राम वर्षभरात मोडीत काढणार होते. काकांनी मात्र ध्यास घेतला होता, की आपण जायच्या आधी तो नीट मिटला पाहिजे. दवाखान्यातल्या बाई संध्याकाळी बंद करायला गेल्या की तो कोसळायचा आणि शेवटच्या पेशंटची तपासणी पुसली जायची. मग कुणातरी म्हाताऱ्या माणसाला पुन्हा हेलपाटा.

मालक म्हणाले, कशाला जीव काढताय, बंदच पडायचंय ना त्याला.

“बंद पडणं वेगळं, बंद करणं वेगळं,” काका म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

दुखणं प्रोग्रामच्या पोटात होतं. तपासण्यांच्या सूचना एका छोट्या भाषेत लिहिलेल्या असत आणि आत बसवलेला एक दुभाष्या त्या वाचायचा. प्रोग्रामची कामं थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांमध्ये वाटलेली. एक थ्रेड कानात आवाज सोडायचा, दुसरा पेशंटने बटण दाबलं का ते बघायचा, तिसरा निकाल साठवायचा. सगळे एकाच वेळी राबायचे, पण दुभाष्याशी बोलायची किल्ली एकच, ती ज्याच्याकडे तोच बोलणार. बंद करायची वेळ आली की या सगळ्यांवरचा मुख्य थ्रेड बाकीच्यांना न विचारता दुभाष्याला घरी पाठवून द्यायचा. बिचारा साठवणारा बोलायला जातो तर समोर कुणी नाहीच.

काकांनी मुख्य थ्रेडला आधी सगळ्यांना ‘आवरा’ म्हणायला लावलं आणि त्यांचं संपेपर्यंत थांबायला लावलं. कोसळणं थांबलं, पण आता प्रोग्राम ढिम्म हलेना. दोन दिवस काका धड जेवले नाहीत. आमचं कुणाचंही काम अडलं की ते एकच विचारायचे, म्हणून तर त्यांचं नाव कुलूपकाका. शेवटी मीच भीत भीत त्यांना तेच विचारलं.

“काका, वाट बघताना किल्ली कुणाकडे असते?”

त्यांनी कपाळावर हात मारला. “माझ्याकडेच की गं. किल्ली खिशात घालून दारात उभा आहे मी, आणि यांना म्हणतोय, निघा.”

इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तसं ऑफिस मला पुन्हा मिळालं नाही. मग ‘आवरा’ म्हणून किल्ली सोडायची, शेवटचा थ्रेड संपू द्यायचा, किल्ली परत घ्यायची आणि मगच दुभाष्याला निरोप द्यायचा, असं त्यांनी लिहून काढलं.

कंपनीच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. बाईंनी सवयीने तोंड वाकडं करूनच बटण दाबलं. पडदा शांतपणे काळा झाला.

“काहीच आलं नाही,” बाई म्हणाल्या.

“आता नाही येणार,” काका म्हणाले. पुन्हा सुरू करून पाहिलं, शेवटच्या आजोबांची तपासणी जागेवर होती. बाईंनी बरं म्हटलं आणि पर्स उचलली.

आम्ही जिना उतरून रस्त्यावर आलो. बोलता बोलता काका ऑफिसच्या दिशेने वळले. मला त्यांना थांबवावंसं वाटेना, मीही बरोबर चालत राहिले. कोपऱ्यावर ते थबकले आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“अगं, आता घरीच जायचं, नाही का?”